मुंग्यांच्या घरातली माशी : न्यू फॉरेस्टमधल्या एका मोसमाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

आईला फोनवर सांगितलं, यंदा माशी शोधायला जाणार आहे. ती म्हणाली, "माशी घरात आली की हाकलायची असते. शोधायला कसली जातेस?"

तर आईसाठी, आणि ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी. माशीचं नाव मायक्रोडॉन. ही हॉव्हरफ्लायच्या कुळातली, म्हणजे बागेत फुलावर हवेत स्थिर उभ्या राहणाऱ्या पिवळ्या-काळ्या माश्यांची चुलत बहीण. पण घराण्याची एकही रीत हिने पाळलेली नाही. फुलांवर सहसा जात नाही, हवेत फारशी तरंगतही नाही. हिची अळी मुंग्यांच्या वारुळात वाढते आणि त्यांचीच अंडी-पिल्लं खाते. ब्रिटनमध्ये हिच्या चार जाती आहेत आणि प्रत्येकीचं मुंगीघर ठरलेलं. मला हवी आहे ती मायक्रोडॉन मिर्मिसी, दलदलीत मिर्मिका स्कॅब्रिनोडिस नावाच्या लाल मुंगीकडे राहणारी. २००२ पर्यंत हिला मायक्रोडॉन म्युटाबिलिसच समजत. त्या वर्षी शॉनरॉग आणि सहकारी या संशोधकांनी दाखवलं की एका नावाखाली दोन माश्या आहेत. एक दगडांखालच्या फॉर्मिका लेमानी मुंग्यांकडे राहते, दुसरी माझी दलदलवाली. उडणाऱ्या माश्या बघून दोघी वेगळ्या सांगता येत नाहीत. कोष बघावा लागतो.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला साउदम्प्टनला राहते, न्यू फॉरेस्टचं रान इथून जवळच. हिशेबनीस आहे, कीटकांचं शिक्षण शून्य. आमच्या निसर्ग-गटात एक सत्तरीच्या बाई आहेत, त्यांनी या माशीचं वेड लावलं. पुढे 'बाई' लिहीन त्या याच.

आज फक्त परवानगीचा अर्ज केला. जागा संरक्षित आहे, नुसतं गवत चाळायलाही परवानगी लागते. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

१६ मार्च, शनिवार

परवानगी यायला पाच आठवडे लागले. अर्जात "किती नमुने घरी नेणार" हा रकाना मी कोरा सोडला होता, म्हणून तो एकदा परत आला. दोन लिहिले, मंजूर झाले. तुम्ही जानेवारीतच अर्ज करा.

पहिली फेरी पूर्ण वाया. या हिवाळ्यात इथे इतका पाऊस झाला की मार्चमध्येही दलदल भरलेली. कोकणातल्या चिखलणीची सवय होती, वाटलं यात काय अवघड. भाताच्या खाचरात पाय रुततो पण खाली तळ लागतो. इथे स्फॅग्नम शेवाळाच्या गादीवर पाय ठेवला की गादी हलते, आणि तळ कुठे आहे ते गमबूट भरल्यावर कळतं.

मग शहाणपणा केला. मोलिनिया गवताची बेटं पाण्यातून वर आलेली असतात, गुडघाभर उंच, मुळाशी घट्ट. त्यांच्यावरून उड्या मारत गेले. तास-दीड तास असंच. बाई काठावर उभ्या राहून हात हलवत होत्या, मला वाटलं कौतुक चाललंय. जवळ गेल्यावर म्हणाल्या, तू ज्यांच्यावर पाय देतेस ना, त्यांच्याच आत आपल्याला बघायचंय.

दलदलीत कोरडी जागा म्हणजे ही बेटंच. मुंग्यांनाही दुसरी जागा नाही, त्यामुळे वारूळ त्यातच. मी किमान पन्नास छपरं तुडवली असतील.

आता नियम असा: पोनी (लहान चणीची घोडी) ज्या वाटेने जातात त्याच वाटेने जायचं. न्यू फॉरेस्टमध्ये पोनी आणि गाई मोकळ्या चरतात, त्यांना कुठे तळ आहे ते ठाऊक असतं.

३१ मार्च, ईस्टर रविवार

नऊ अंश, ढग, वारा. वीस बेटं बघितली, काही नाही. दोन चुका झाल्या.

पहिली, चुकीच्या मुंग्या. काठाजवळच्या बेटांत मुंग्या दिसल्या म्हणून तिथेच चार तास घालवले. त्या लेझियस निघाल्या, काळ्या, गुळगुळीत, पळणाऱ्या. पाहिजे त्या मिर्मिका तांबूस-तपकिरी असतात, सावकाश चालतात. भिंगाखाली कमरेला एक नव्हे, दोन गाठी दिसतात. त्यातही स्कॅब्रिनोडिस ओळखायची तर मिशी बघायची. मिशीचा पहिला लांब सांधा डोक्याजवळ कोपरासारखा वळलेला असतो, तिच्या रुब्रा नावाच्या बहिणीत तो नुसता बाकदार असतो. हे चित्रात सोपं दिसतं. प्रत्यक्षात मुंगी हलत असते, भिंगावर तुमच्या श्वासाची वाफ आणि बोटं गारठलेली. मी शेवटी एका मुंगीला पारदर्शक डबीत घालून, डबीत शेवाळाचा बोळा दाबून तिला काचेशी थोपवली. मग दिसलं. बघून झाल्यावर सोडली. ओळखायची आणखी एक खूण म्हणजे मिर्मिका डंख मारते. खाजकुयलीइतकं वाईट नाही, पण अंगठ्याच्या पेराशी बसला तर दिवसभर आठवण राहते.

दुसरी चूक तापमानाची. गारठ्यात मुंग्या बेटाच्या तळाशी जातात, वर काहीच दिसत नाही. ऊन पडून निदान दोन तास झाल्याशिवाय बेट उघडू नका.

एक "अळी" सापडली म्हणून मी ओरडले होते. गोगलगाय निघाली, बिनशंखाची, पिल्लू. बाई म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नको. १८२० च्या दशकात जर्मनीत स्पिक्स नावाच्या निसर्गतज्ज्ञाने उलटी चूक केली होती. त्याने मायक्रोडॉनची अळी बघितली आणि मृदुकाय प्राणी म्हणून तिला नवं नाव देऊन मोकळा झाला. गोगलगाय, शिंपले यांच्या पंगतीत माशीचं पोर बसवलं. थोडं हलकं वाटलं.

१४ एप्रिल, रविवार

सापडली.

ऊन, चौदा अंश, वारा पडलेला. रीत अशी होती: बेटाच्या दक्षिणेच्या अंगाला गुडघ्यावर बसायचं (खाली प्लास्टिकची पिशवी), दोन्ही हातांची बोटं गवतात घालून केस विंचरताना भांग पाडतो तसं गवत बाजूला सारायचं. खणायचं नाही, उपटायचं नाही. वरचे चार-पाच इंच बघायचे आणि गवत परत मिटायचं. एका बेटाला चार मिनिटं, त्याहून जास्त नको, आत गारठा शिरतो.

बाविसावं बेट. वाळक्या पात्यांच्या चुरखड्यात, मुंग्यांच्या पांढऱ्या पिल्लांच्या ढिगाच्या जरा वर, चिकटलेलं काहीतरी. पहिल्यांदा वाटलं बी आहे. भिजवून सोललेल्या वाटाण्याची अर्धी डाळ उपडी ठेवावी तसा घुमट, रंग फिकट तपकिरी. भिंग लावलं तर पाठीवर बारीक जाळी, कासवाच्या पाठीसारखी, पण इतकी नाजूक की ऊन बदललं की नाहीशी होई. कडेला सगळीकडून झालर. मागच्या टोकाला लाकडी खुंटीसारखी आखूड नळी, श्वासाची. आणि पुढे दोन लालसर ठेंगणी शिंगं. शिंगं दिसली म्हणजे आत कोष झालाय, अळी राहिलेली नाही.

मला मोहरून जायला पाहिजे होतं, पण माझं लक्ष मुंग्यांकडे गेलं. मी छप्पर उघडल्यामुळे धावपळ चाललेली, दोन-दोन मुंग्या पिल्लं तोंडात धरून खाली नेत होत्या. एक मुंगी त्या घुमटावर चढली, मिशांनी दोनदा चाचपलं आणि पलीकडे उतरली, जसा काही वाटेतला दगड. घरातली पोरं खाऊन मोठा झालेला हा प्राणी, आणि तिला काही वाटत नाही.

त्याचं एक कारण अमेरिकेतल्या कामावरून कळतं. हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तिथल्या दोन मायक्रोडॉन जातींच्या अळ्यांच्या त्वचेवरचं मेण तपासलं, ते त्यांच्या यजमान मुंग्यांच्या पिल्लांच्या मेणासारखं निघालं. अंधारात मुंगी वासाने ओळखते. वास घरचा, तर माणूस घरचा.

लेकाला (वय ११) फोटो दाखवला. म्हणाला, "हे काय, बटण?"

२० एप्रिल, शनिवार

आता मोजदाद. ४० बेटं क्रमाने बघायची, क्रमांक द्यायचे. परवाचं बेट क्रमांक ९ झालं.

प्रत्येक बेटाला लाल साटीनची फीत बांधली, राखीच्या दुकानात मिळते तशी, चार पौंडांचा रीळ. फोनवर प्रत्येकाचं जीपीएसही घेतलं. दोन्ही वाया, पण ते पुढच्या आठवड्यात.

४० पैकी सहा बेटांत कोष: ४, ९, १७, २३, २४, ३१. एकूण १३, पैकी १० बेटाच्या दक्षिणेकडच्या अंगाला, जिथे ऊन लागतं. बाकी ३४ बेटांपैकी निम्म्याहून जास्त बेटांत मुंग्या होत्या, माश्या नव्हत्या. २३ आणि २४ शेजारी आहेत, त्यांच्यामध्ये एक पाऊल अंतर.

दोन घरी आणले, एक ९ मधून, एक १७ मधून. डबीत ओलं शेवाळ, झाकण घट्ट.

आंघोळ करताना गुडघ्यामागे गोचीड. इथल्या गोचिडीने लाइम नावाचा आजार होऊ शकतो, तेव्हा चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिरगळायची नाही. पँट मोज्यात खोचा. फोटोत बावळट दिसतं, दिसू दे.

२४ एप्रिल, बुधवार

दोन वाईट गोष्टी.

९ च्या कोषावर बुरशी, पांढरी, जुन्या पावावर येते तशी. माझीच चूक. दलदलीतला प्राणी म्हणून मी त्याला चिंब शेवाळात ठेवला. पण कोष दलदलीत नसतो, तो बेटाच्या माथ्यावर असतो. मुंग्या कोरडी ऊबदार जागा निवडतात आणि वसंतात हा पाहुणाही वरच सरकतो. लेकाच्या रंगाच्या बारीक ब्रशने बुरशी झाडली. शेवाळ पिळून, वाळवून परत घातलं, झाकण काढून जाळीदार कापड बांधलं, डबी उत्तरेच्या खिडकीत ठेवली.

दुसरी जास्त वाईट. १७ ची डबी सकाळी उघडली तर कोष जागेवर नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेला. चालत गेला होता.

म्हणजे तो कोष नव्हता, अळी होती. मी शिंगं बघितलीच नव्हती, घुमट दिसला आणि उचलला. अळ्या सगळ्या एकाच वसंतात कोष करत नाहीत, काही आणखी एक वर्ष वारुळात काढतात. हिला मुंग्यांची पिल्लं पाहिजेत, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला आहे. आज कामावर सुटी मागता येणार नाही, महिनाअखेर जवळ आलाय. शनिवारी परत नेते.

२७ एप्रिल, शनिवार

फिती नाहीत. चाळीसपैकी तीन उरल्या, त्याही चघळलेल्या. पोनींनी खाल्ल्या असणार, लाल, चमकणाऱ्या, गवताला बांधलेल्या. साटीन म्हणजे प्लास्टिकच, आणि ते मी गाभण जनावरांच्या पुढ्यात टाकलं. याची लाज वाटते. दोन तास फिरून जेवढे तुकडे सापडले तेवढे वेचले.

मग फोनचं जीपीएस. फोन म्हणतो, तू १७ वर उभी आहेस. चार पावलं सरकले, तरी म्हणतो १७ वर आहेस. फोनची चूक पाच-सहा मीटर. गाडी शोधायला ठीक आहे. इथे तेवढ्या वर्तुळात दहा-बारा बेटं बसतात, आणि सगळी एकसारखी दिसतात.

त्यातल्या त्यात ओळखीचं वाटलं ते बेट निवडलं. मिर्मिका होत्या. अळी पिल्लांजवळ ठेवली, गवत मिटलं, निघाले. मनात खात्री नव्हती. दीड तास आणखी शोधायला हवं होतं, पण पाऊस आला आणि मी कंटाळले होते. हे लिहून ठेवते.

संध्याकाळी बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, "त्याच बेटात ठेवलीस ना?" मग त्यांनी एल्म्स, थॉमस आणि सहकाऱ्यांचं १९९९ चं काम सांगितलं. त्यांनी मायक्रोडॉन म्युटाबिलिसची अंडी वेगवेगळ्या वारुळांत ठेवून बघितली. आई ज्या वारुळात वाढली त्याच वारुळात ठेवलेली अंडी ९५ टक्क्यांहून जास्त वाचली. जसजसं दूरच्या वारुळात नेलं तसतसं वाचण्याचं प्रमाण झपाट्याने घसरलं. मुंगीची जात तीच, पण घर वेगळं. माझ्याकडे म्युटाबिलिस नाही आणि अंडंही नाही, तेव्हा ते आकडे माझ्या अळीला जसेच्या तसे लागू नाहीत. पण "मुंगी तीच आहे ना, मग कुठल्याही बेटात चालेल" असं जे मी दलदलीत उभी राहून स्वतःला सांगितलं, ते मुळातच चूक होतं.

आम्ही सात हजार किलोमीटरवर येऊन संसार थाटला, आणि हिला चार पावलं पलीकडचं घर परकं. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "मग मला तिकडे बोलावतेस कशाला?"

४ मे, शनिवार

खुणांची नवी पद्धत. आजचा दिवस यातच गेला, पण हे आधी केलं असतं तर काहीच बिघडलं नसतं.

खूण बेटाला करायची नाही, बेटापासून लांब असलेल्या दोन न हलणाऱ्या वस्तूंना करायची. माझ्याकडे एक पाइनचा बुंधा आणि एक जुना कुंपणाचा खांब आहे. ३० मीटरची मोजपट्टी घेतली, अकरा पौंड. प्रत्येक बेटाचं बुंध्यापासूनचं आणि खांबापासूनचं अंतर लिहायचं. दोन अंतरं कळली की जागा पक्की होते (रेषेच्या कुठल्या बाजूला आहे तेवढं लिहून ठेवा). चूक फार तर वीतभर. पट्टी धरायला दुसरा माणूस लागतो, लेकाला नेलं, बदल्यात दोन आइस्क्रीम. शिवाय बेटाच्या मुळाशी कबाबाची बांबूची काडी, गवताच्या वर न दिसेल इतकी खोल खोचलेली, वर पेन्सिलीने क्रमांक. पेनची शाई धुऊन जाते, पेन्सिल टिकते.

२० एप्रिलच्या फोटोंवरून जुने क्रमांक जुळवायला घेतले. १७ च्या फोटोत हेदर झुडपाची एक फांदी मोडून इंग्रजी सातासारखी झालेली होती. ती फांदी सापडली. मी अळी ठेवली त्या बेटापासून ३ मीटर ४० सेंटीमीटरवर.

ज्या बेटात ठेवली होती ते उघडलं. मुंग्या होत्या, पिल्लं होती, अळी दिसली नाही. खाली गेली असेल तर दिसणार नाही. जास्त खोल बघितलं नाही, एका बेटाची वाट लावली तेवढी पुरे.

परतताना बाई पोनींबद्दल बोलत होत्या. मी फितींमुळे पोनींवर चिडले होते, त्यावर त्यांनी लार्ज ब्लू फुलपाखराची गोष्ट काढली. ते फुलपाखरूही मुंग्यांच्या घरात वाढतं आणि १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसं झालं. जागा कुंपण घालून जपलेल्या होत्या, फुलंही होती. पण चरणारी जनावरं कमी झाली, गवत वाढलं, जमीन गार झाली आणि त्याची यजमान मिर्मिका साबुलेटी हटून तिथे दुसरी मुंगी आली, आमचीच स्कॅब्रिनोडिस. संशोधक जेरेमी थॉमस यांनी कारण शोधेपर्यंत उशीर झाला होता, मग १९८० च्या दशकात स्वीडनहून आणून ते पुन्हा वसवलं. गवत बोटभर वाढलं की एका मुंगीचं घर जातं, दुसरीचं येतं. म्हणून पोनींना नावं ठेवायची नाहीत. फिती बांधणाऱ्याला ठेवायची.

११ मे, शनिवार

काल रात्री अख्खं दक्षिण इंग्लंड घराबाहेर होतं, आकाशात अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश. इतक्या दक्षिणेला गुलाबी आकाश. आम्हीही दीड वाजेपर्यंत बाहेरच्या जिन्यात उभे, मान वर करून. मग झोप लागेना म्हणून साडेपाचला खाली चहाला आले.

डबीत माशी.

कोषाचं पुढचं टोक झाकणासारखं उघडलेलं, दोन शिंगं त्या झाकणासकट बाजूला पडलेली. माशी शेवाळाच्या काडीवर उलटी, पंख अजून चुरगळलेल्या बटर पेपरसारखे. आधी फिकट होती, चहा संपेपर्यंत काळसर काशाच्या रंगाची झाली. आखूड, रुंद, अंगावर बारीक सोनेरी लव. मिशा लांब, सरळ पुढे काढलेल्या, माशीच्या तोंडावर शोभत नाहीत अशा. पाठीच्या मागच्या कडेला भिंगातून दोन बारीक टोकं दिसली, मायक्रोडॉन म्हणजे ग्रीकमध्ये "छोटा दात", ते दात हेच.

पहाटे बाहेर पडण्यात शहाणपणा आहे म्हणतात. वारूळ गार असतं, मुंग्या सुस्त असतात. कोषाला घरचा वास होता, माशीला नाही. पंख वाळेपर्यंत तिला तिथून चालत निघावं लागतं.

सात वाजता गाडी काढली. बुंध्यापासून १२ मीटर १०, खांबापासून ८ मीटर ६५, काडी क्रमांक ९. पहिल्या फटक्यात सापडलं. माशी डबीच्या कडेवर आली, माझ्या नखावर चढली, तिथे वीस मिनिटं बसली. पाय झोपला तरी मी हलले नाही. मग उडाली. मला वाटलं दूर जाईल. चार पावलांवर बॉग मर्टलच्या फांदीवर जाऊन बसली, गुडघ्याच्या उंचीवर, आणि तिथेच राहिली.

२५ मे, शनिवार

आज काहीही उघडायचं नाही, फक्त बघायचं. आधी मी जाळं घेऊन येणार होते. जाळ्याची गरजच नाही. या माश्या उंच उडत नाहीत, लांब जात नाहीत, गवताच्या पात्यावर बसून राहतात. साडेदहा ते दीड या वेळात सात दिसल्या, सगळ्या सहा बेटांच्या आसपास. बसलेली माशी डोळ्यांना लवकर सापडत नाही. पात्याच्या टोकावर चुकीच्या जागी असलेली गोल गाठ शोधायची.

बेट २३ वर एक मादी. पात्यावरून उलटी उतरत मुळाशी गेली, थांबली, पोटाचं टोक लांबवून वाळक्या पानांच्या फटीत घातलं. दहा-बारा सेकंद. एक मुंगी आली तशी दोन इंच बाजूला झाली, मुंगी गेल्यावर परत त्याच फटीत. असं तीनदा. ती २३ वरून उडून २४ वर गेली, मग परत २३ वर. एक पाऊल अंतर.

वाटेत स्फॅग्नमवर दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती उगवलेली, कासच्या पठारावर पावसाळ्यात बघितली होती तिचा गोल पानांचा इंग्रज भाऊ. एका पानाला डास चिकटलेला. जवळच मायक्रोडॉन बसली होती, पण दवबिंदूवर नाही.

८ जून, शनिवार

रिकामी कवचं गोळा केली. कुणी हे करणार असेल तर मी म्हणेन, सुरुवातच जूनमध्ये करा. माश्या निघून गेलेल्या असतात, कवच वारुळाच्या माथ्याशी राहिलेलं असतं, आणि जात ठरवायला तेवढं पुरतं. जिवंत काही उचलावं लागत नाही. मी एप्रिलमध्ये जे केलं त्याची खरं तर गरज नव्हती.

मागे ठेवलेल्या ११ पैकी ९ सापडली. आठांची झाकणं उघडलेली, एकाला बाजूने भोक, म्हणजे त्यातली माशी आपणहून निघालेली नाही. चार घरी आणली, बाकी तिथेच ठेवली.

जात ठरते शिंगांवरून. मिर्मिसीचं शिंग रुंदीपेक्षा उंच, म्युटाबिलिसचं बुटकं. पण शिंगं असतात झाकणाच्या तुकड्यावर, आणि तो तुकडा कवचापासून सुटून गवतात पडतो, तेव्हा तोही शोधा. मला चारपैकी तीनच मिळाले. त्यातल्या एकाचं शिंग मी चिमट्याने धरलं आणि टिकलीएवढा तुकडा चुरा झाला. चिमटा वापरू नका, ओल्या ब्रशच्या टोकाने उचला. यूएसबीवर चालणारा स्वस्त सूक्ष्मदर्शक घेतला, २८ पौंडांचा. त्याच्या स्टँडला कंप फार, खाली दुमडलेला टॉवेल ठेवला मग चित्र थांबलं. उरलेल्या दोन तुकड्यांवरची चारही शिंगं रुंदीपेक्षा उंच. दलदल, मिर्मिका, उंच शिंगं: मायक्रोडॉन मिर्मिसी. बाईंनीही बघून होकार दिला. नोंद पाठवली.

६ जुलै, शनिवार

हिशेब, कारण तो माझा धंदा आहे. गमबूट ३२, भिंग १४, डब्या ६, मोजपट्टी ११, बांबूच्या काड्या २, सूक्ष्मदर्शक २८, फीत ४ (शुद्ध नुकसान, वर पाप). एकूण ९७ पौंड. पेट्रोल नऊ फेऱ्यांचं ७२. सगळे मिळून १६९. परत करायचं झालं तर मोजपट्टी, भिंग, काड्या आणि ब्रश यांत भागेल, गमबूट प्रत्येकाकडे असतातच.

दलदलीत ४६ तास. त्यांतले १४ उघड वाया: मार्चच्या दोन्ही फेऱ्या आणि फितींचा दिवस.

४० बेटांची अंतरं दोन कागदांवर लिहून एक प्रत बाईंना दिली. पुढच्या एप्रिलमध्ये तीच ४० बेटं, त्याच क्रमाने, पण फक्त भांग पाडून बघायची, उचलायचं काही नाही.

यादीत एक ४१ वा आकडाही घातलाय: बुंध्यापासून १५ मीटर २०, खांबापासून १० मीटर ५, जिथे मी १७ ची अळी चुकून ठेवली ते बेट. ८ जूनला त्याच्या माथ्यावर कवच नव्हतं. अळी जिवंत असेल तर ती आत्ता खाली, पिल्लांमध्ये असणार आणि कोष येत्या वसंतात करणार. तिथल्या काडीवर क्रमांकाच्या जागी लेकाने प्रश्नचिन्ह काढलं. पेन्सिलीने.